सोन्यानं सोल्डर गिळलं तेव्हा

२०२४ साली १७ नोव्हेंबरला, रविवारी संध्याकाळी पावणेसातला, माझ्या सव्वादोन वर्षांच्या मुलानं, सोन्यानं, माझ्यापुढं हात पसरला आणि म्हणाला, "मम्मी, केक." तळहातावर तीन चकचकीत गोळ्या होत्या. दोनच दिवसांपूर्वी त्याच्या ताईचा सातवा वाढदिवस झाला होता आणि केकवर साखरेच्या चंदेरी गोळ्या लावल्या होत्या. मला वाटलं, त्यातल्याच कुठंतरी सांडलेल्या. एक उचलली तर ती आकाराच्या मानानं जड लागली. दुसरीवर बारीक दातांची खूण होती. ते सोल्डर होतं, तारा आणि सुटे भाग जोडायला वितळवतात तो धातू.

आम्ही इचलकरंजीत राहतो. मिस्टर पुढच्या खोलीत दुरुस्तीची कामं करतात. ऑटोलूमची, म्हणजे स्वयंचलित मागांची, इलेक्ट्रॉनिक कार्डं, इन्व्हर्टर, कधी टीव्हीचे बोर्ड. सोल्डरिंग करताना बिटवर, म्हणजे तापलेल्या टोकावर, जास्तीचं सोल्डर साठतं, ते झटकलं की त्याच्या गोळ्या होतात. त्या गोळा व्हाव्यात म्हणून त्यांनी टेबलावर बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठेवलेलं असायचं. त्या दिवशी ते बाजारात गेले होते, मी स्वयंपाकघरात होते. सोन्यानं स्टूल ओढत नेलं होतं आणि झाकण त्याच्या मांडीवर होतं. किती गोळ्या पोटात गेल्या ते कुणालाच सांगता येईना.

सासूबाई म्हणाल्या, "मिठाचं पाणी पाज गं, ओकून टाकू दे." आमच्या घरात कुणी काही गिळलं की हाच उपाय व्हायचा. मी ग्लास भरलासुद्धा. पण सोन्या हसत होता, खेळत होता, आणि ओकताना एखादी गोळी श्वासनलिकेत गेली तर काय, या भीतीनं हात थांबला. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, ते केलं नाहीत हे बरं झालं. असं काही घडलं तर उलटी करवू नका. बोटानं तोंडातून जे निघेल ते काढा, हात-तोंड धुवा आणि निघा.

गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं की नाणं गिळलं तर जातंच की पडून, तसं हेही जाईल, केळी खायला घाला आणि तीन दिवस शी बघत राहा. मी परत आले तेव्हा मिस्टर दारात उभे होते, चेहरा पांढराफटक. म्हणाले, "अगं नाणं नाही ते. त्यात शिसं असतं." त्यांच्या हातात सोल्डरचं रीळ होतं आणि लेबलवर ६०/४० असं छापलेलं. साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. बारा वर्षं ते लेबल आमच्या घरात होतं, मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

त्यांनी फोनवर शोधून दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला फोन लावला. हा नंबर टोल फ्री आहे, १८०० ११६ ११७, आणि दिवसरात्र चालू असतो. हिंदीत बोलणं झालं. मुलाचं वय, वजन, काय गिळलं, केव्हा, अंदाजे किती, उलटी किंवा पोटदुखी आहे का, असं विचारलं. लक्षणं नसली तरी लगेच एक्स-रे काढा आणि रक्तातलं शिसं तपासा, असं सांगितलं. फोन करताना वस्तूचं पाकीट किंवा रीळ हातात ठेवा. सोल्डरबरोबर कुठलं फ्लक्स, म्हणजे जोड नीट बसावा म्हणून लावतात ते द्रव्य, वापरता हेही विचारतात. आमच्या रिळात राळेचं फ्लक्स होतं. पत्र्याच्या कामाला जे 'अ‍ॅसिड' वापरतात, त्यात झिंक क्लोराइड असतं आणि त्यानं तोंड, घसा, अन्ननलिका भाजते. तसं काही पोटात गेलं असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगावं लागतं.

रविवार असल्यामुळं एक्स-रे सेंटर बंद. एका नर्सिंग होममध्ये साडेआठला एक्स-रे निघाला, ४०० रुपये. पडद्यावर सोन्याचं इवलंसं पोट, आणि त्यात ज्वारीचे दाणे सांडावेत तसे पांढरेशुभ्र ठिपके. तिथल्या डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकानं मोजले. तेरा. आठ जठरात, पाच पुढं आतड्यात. ते म्हणाले, इथं वेळ घालवू नका, कोल्हापूरला जा. चिठ्ठी आणि फिल्म घेऊन शेजाऱ्यांच्या गाडीतून निघालो. सोन्या माझ्या मांडीवर गाणं म्हणत होता. त्याला काहीही होत नव्हतं, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त भय वाटत होतं, कारण त्याच्याकडं बघून कुणालाही वाटलं असतं की ही बाई उगाच घाबरलीय.

कोल्हापूरच्या रुग्णालयात सव्वादहाला पोचलो. कॅज्युअल्टीत पहिल्यांदा सांगितलं ते एमएलसीचं. विषबाधेची केस म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावंच लागतं. ते ऐकून माझे हातपाय गार पडले. आपल्यावर गुन्हा दाखल होतोय, असंच वाटलं. तिथल्या ड्युटी डॉक्टर बाईंनी शांतपणे समजावलं की हा नियम आहे, आरोप नाही, आणि उपचार त्यासाठी अडणार नाहीत. दुसऱ्या रात्री नऊला हवालदार आले. निवडणुकीच्या बंदोबस्तातून आले होते, दमलेले होते. जबाब लिहून घेतला, दोघांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स घेतल्या, घरात किंवा शेजारी कुणाशी वाद आहे का एवढं विचारलं आणि सही घेऊन गेले. पंधरा मिनिटांचं काम. झेरॉक्स आधीच काढून ठेवा, रात्री रुग्णालयाच्या आसपास दुकान उघडं नसतं. आणि एमएलसी नंबर एका कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवा, पुढं विम्याला तो पदोपदी लागतो.

डिपॉझिट १५,००० भरलं. खरं तर त्याआधीच महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करायला हवी होती. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. आम्ही दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा कळलं, हे रुग्णालय त्या योजनेत नाही, आणि त्या अवस्थेत मुलाला हलवण्याचा प्रश्नच नव्हता.

बालरोगतज्ज्ञ अकराला आले. त्यांनी सांगितलेलं मी त्याच रात्री फोनमध्ये टिपून ठेवलं होतं, म्हणून नीट आठवतं. जठरातल्या आम्लात शिसं हळूहळू विरघळतं, त्यामुळं कण जठरात जितका वेळ राहतील तितकं वाईट. मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर दहातला एखादा भाग रक्तात जातो, लहान मुलांत जवळजवळ निम्मं जातं. लोह कमी असेल तर आणखी. विषबाधेत एरवी देतात तो कोळसा इथं उपयोगाचा नाही, तो शिशाला धरून ठेवत नाही. आणि रक्ताचा रिपोर्ट यायला तीन-चार दिवस लागतील, पण त्याची वाट बघायची नाही, आज रात्रीच पोट धुवून काढायचं.

रक्त घेण्याआधी सिस्टरनी सोन्याचा हात साबणानं दोनदा धुतला. कातडीवर शिशाची धूळ असेल तर आकडा खोटा वाढतो म्हणून. बोट टोचून नाही, शिरेतून घेतलं, आणि गडद निळ्या झाकणाच्या वेगळ्या नळीत. धातूंच्या तपासणीसाठी तशीच नळी लागते, साध्या लॅबमध्ये ती असतेच असं नाही, आधी फोन करून विचारा. सॅम्पल मुंबईला जाणार होतं. १,९०० रुपये. साध्या तपासणीचा रिपोर्ट तासाभरात आला. हिमोग्लोबिन ८.९, म्हणजे कमीच.

रात्री साडेबाराला नाकातून नळी घातली. त्या दोन मिनिटांबद्दल मला फार लिहिता येणार नाही. मिस्टरांनी त्याचे पाय धरले, मी हात धरले, आणि तो माझ्याकडं बघत ओरडत होता, 'मम्मी नको.' नळी बसल्यावर तो थकून झोपला. मग पाण्यात कालवलेली पेगची पावडर, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीआधी पोट साफ करायला देतात तेच औषध, तासाला अर्धा लिटर या वेगानं नळीतून सोडायला सुरुवात झाली. एवढ्याशा जिवाला तासाला अर्धा लिटर! मी सिस्टरना दोनदा विचारलं, चुकलं तर नाही ना. त्यांनी समजावलं की हे शरीरात शोषलं जात नाही, वरून जातं आणि खालून निघतं. सकाळी आठपर्यंत पावणेचार लिटर गेलं. दीडएक तासानं जे सुरू झालं ते पहाटेपर्यंत थांबलं नाही. डायपर, मग डायपरही नाही, नुसती रबरी चादर आणि बेडपॅन. प्रत्येक वेळी सिस्टर गाळून बघायच्या आणि सापडलेला कण पाण्यानं धुवून एका बाटलीत टाकायच्या. टिक्, असा आवाज यायचा. मी तो मोजत होते. पहाटे साडेपाचपर्यंत सहा झाले. जवळ दोन-तीन जुन्या सुती साड्या, बाळाचं तेल आणि जास्तीचे कपडे ठेवा. त्याची कातडी लालबुंद झाली होती, तेल लावल्यावरच तो जरा शांत व्हायचा.

सोमवारी अकराच्या एक्स-रेत चार कण उरले होते, चारही जठरात, घडीत अडकल्यासारखे. संध्याकाळी चारला भूल देऊन एंडोस्कोपी केली आणि जाळीनं ते काढले. पस्तीस मिनिटं. बाहेर बाकावर मिस्टर दोन्ही तळवे उताणे करून बघत बसले होते. बोटांच्या टोकांना सोल्डरचा करडा रंग होता, जो मी इतकी वर्षं कामाचा मळ समजत आले. काढलेले कण बाटलीत सील करून, लेबल लावून पोलिसांसाठी ठेवले. मंगळवारचा एक्स-रे स्वच्छ आला. मी देवाला हात जोडले आणि घरी फोन केला की संपलं.

संपलं नव्हतं.

बुधवारी २० तारखेला विधानसभेचं मतदान. लॅबला सुट्टी, रिपोर्ट नाही. गुरुवारी २१ला संध्याकाळी फोनवर पीडीएफ आली. रक्तातलं शिसं ४८.२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. शेजारी 'सामान्य'च्या रकान्यात जो आकडा होता तो मी परतपरत वाचत राहिले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की खरं तर शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, अमेरिकेत ३.५च्या वर गेलं की मुलाकडं लक्ष द्यायला सुरुवात करतात, आणि ४५च्या वर गेलं की शिसं बाहेर काढणारं औषध द्यायचं. त्याच दिवशी सकाळी घेतलेल्या दुसऱ्या रक्ताचा आकडा शनिवारी आला. ५१.६. कण काढूनही वाढला होता.

पण मला खरा धक्का बसला तो गुडघ्याच्या एक्स-रेनं. डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढं धरली आणि हाडांच्या टोकाशी, जिथं हाड वाढतं तिथं, एक पांढरी दाट रेघ दाखवली. मग म्हणाले, "ताई, ही रेघ चार दिवसांत उमटत नाही. हे बरेच महिने चाललंय." मग त्यांनी विचारलं, बद्धकोष्ठ असतो का? चिडचिड करतो का? माती, भिंतीचे पोपडे खातो का? सगळ्याची उत्तरं हो. शी कडक होते म्हणून मी मनुका भिजवून देत होते. माती खातो म्हणून रागावत होते. चिडचिडा आहे, बाबांवर गेलाय, असं आम्ही सगळे म्हणायचो. त्या रविवारी त्यानं त्या गोळ्या खाल्ल्या नसत्या तर आम्हाला हे कळलंच नसतं, आणि ते रोज थोडंथोडं त्याच्या पोटात जातच राहिलं असतं.

कसं जात होतं, ते आम्ही त्या रात्री वॉर्डाबाहेर बसून एकेक आठवत गेलो. सोल्डरिंगच्या धुराला मी नेहमी घाबरायचे, पण तो धूर मुख्यतः राळेचा असतो, दमा होऊ शकतो त्यानं. बिटच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. शिसं जातं हातांतून. मिस्टर दोन्ही हात अडकले की सोल्डरची वायर दातांत धरायचे, त्यांच्या उस्तादांनीही तसंच केलेलं. टेबलावरच चहा-खारी. जुन्या बोर्डांवरची धूळ ब्रशनं झटकायची, ती फरशीवर. सोन्या त्या फरशीवर रांगायला शिकला. संध्याकाळी बाबा काम संपवून त्याच शर्टावर त्याला उचलून घ्यायचे आणि तो त्यांची कॉलर चोखायचा. ही कॉलर आठवली तेव्हा मिस्टर उठून जिन्याकडं गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

सगळ्यांचं रक्त तपासलं. मिस्टर ३१.४, ताई १३.७, मी ६.१, सासूबाई ५.८. मिस्टरांना वर्षभर सांधेदुखी आणि पोटात कळा होत्या, बी-१२च्या गोळ्या चालू होत्या. मोठ्या माणसाला या आकड्यावर औषध लागत नाही, संपर्क तोडायचा आणि परत तपासायचं, असं सांगितलं.

सोन्याला द्यायचं औषध सक्सिमर, शिशाला धरून लघवीवाटे बाहेर नेतं. ते कोल्हापुरात मिळेना. पाच मोठ्या मेडिकलमध्ये विचारलं. शेवटी मुंबईतल्या एका होलसेलरकडं सापडलं. माझ्या मावसभावानं डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन दाखवून ते घेतलं आणि शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं स्वतः घेऊन आला. त्या दिवशी मतमोजणी होती, बाहेर गुलाल आणि फटाके, आणि मी खिडक्या लावून सोन्याचे कान झाकून बसले होते. रविवारी २४ तारखेला दुपारी दोनला पहिली कॅप्सूल दिली.

त्याचं वजन १२ किलो. त्या हिशेबानं १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, पहिले पाच दिवस दर आठ तासांनी, मग चौदा दिवस दर बारा तासांनी. एकूण ४३ कॅप्सूल, ९,३०० रुपये. हा आमच्या मुलाचा हिशेब आहे, तुमच्या मुलाचा डॉक्टरच ठरवतील. कॅप्सूल उघडून आतली पूड मऊ खाण्यात कालवायची. उघडताच सडक्या अंड्याचा भपकारा येतो. औषध खराब झालंय असं समजून मी पहिली कॅप्सूल फेकणारच होते, पण तो वास त्या औषधाचाच असतो. आधी कुस्करलेल्या केळ्यात दिली, दोन दिवसांनी सोन्या केळं दिसलं की तोंड फिरवायला लागला. मग माझ्या आईचा साखरांबा कामाला आला. पाऊण चमचा साखरांबा, मध्ये पूड, वर परत साखरांबा. ज्या पदार्थात औषध द्याल तो मुलाच्या फार आवडीचा नको, पुढं कित्येक महिने तो खात नाही. पाणी भरपूर पाजायचं, आणि दर आठवड्याला रक्तपेशी आणि लिव्हरची तपासणी करायची.

२६ तारखेला डिस्चार्ज मिळाला, पण एका अटीवर. त्या घरी न्यायचं नाही. औषध चालू असताना परत शिसं पोटात गेलं तर उपचारावर पाणी फिरतं, उलट जास्त शोषलं जाण्याची भीती असते. म्हणून मी दोन्ही मुलांना घेऊन माहेरी कागलला गेले. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा असे गजर लावले. माझ्या वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ४३ चौकोन आखले, आणि प्रत्येक कॅप्सूलनंतर सोन्या त्यात लाल पेन्सिलीनं रेघोट्या मारायचा. शेवटचा चौकोन १३ डिसेंबरला सकाळी भरला.

इकडं मिस्टर आणि सासूबाई घर साफ करत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झाडू मारू नका, साधा व्हॅक्यूमही नको, बारीक धूळ उडते आणि परत बसते. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसायचं, पाणी वरचेवर बदलायचं, फडकी टाकून द्यायची. पुढच्या खोलीतली चटई, पडदे आणि कापडी सोफा काढून टाकला. दरवाजाच्या फटी, खिडकीच्या खाचा जुन्या टूथब्रशनं धुतल्या. काम २,८०० रुपये भाड्याच्या गाळ्यात हलवलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी तांबट घरात येऊन भांड्याला डाख द्यायचा, आम्ही पोरं त्याच्याभोवती बसायचो, थेंब पडला की उचलायचो." आणि मग एकदम गप्प झाल्या.

बिनशिशाचं सोल्डर वापरा, असं पुष्कळ जण सुचवतात. मिस्टर आता नवीन जोडाला तेच वापरतात. ते महाग आहे आणि बिट जास्त तापवावी लागते, कारण शिशाचं सोल्डर १८३ अंशाच्या आसपास वितळतं आणि हे २१७ अंशाच्या पुढं. पण दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या बोर्डांवर शिसं असतंच, ते काढताना हाताला लागणारच. त्यामुळं गाळ्यात वेगळा शर्ट, वेगळ्या चपला, जेवणाआधी कोपरापर्यंत साबण, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवायचे नाहीत. वायर दातांत धरायची नाही, हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं. हात आपोआप तोंडाकडं जायचा. मग त्यांनी टेबलाला लोखंडी स्टँड ठोकून घेतला, त्यातून वायर येते.

आता आकडे. १४ डिसेंबरला १६.८. आम्ही पेढे वाटले. २८ डिसेंबरला २७.३. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की औषध थांबल्यावर हाडात साठलेलं शिसं परत रक्तात येतं आणि आकडा चढतो, तरी रिपोर्ट बघून मी रिक्षात रडले. ही चढ येतेच हे ज्यांना कुणी सांगितलं नसेल त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. ४५च्या खूप खाली असल्यामुळं दुसरा कोर्स दिला नाही. लोहाचं सिरप, नाचणीचं सत्त्व, दूध, अळिवाचे लाडू, वरून लिंबू, आणि घर स्वच्छ. लोह आणि कॅल्शियम पोटात असलं की शिसं कमी शोषलं जातं. फेब्रुवारीत २१, मेमध्ये १४.२, आणि २ ऑगस्टला १०.१. मिस्टर १५वर आले आहेत, ताई ७वर.

विम्याचंही सांगते. कॅशलेस नाकारलं, कारण एमएलसी. त्यानंतर दावा लावला. रुग्णालयाचं बिल ७८,४६० झालं होतं. कंपनीनं तीनदा कागद मागितले. एमएलसीची प्रत, पोलिसांच्या जबाबाची प्रत, संपूर्ण केसपेपर, एक्स-रेच्या फिल्म, आणि विषबाधा अपघातानं झाली असं डॉक्टरांचं लेखी पत्र. हे पत्र डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या, नंतर त्यासाठी माझे दोन हेलपाटे झाले. मुंबईच्या औषधाचं बिल आधी फेटाळलं, मूळ प्रिस्क्रिप्शन जोडलं नव्हतं म्हणून. मूळ कागद होलसेलरनं ठेवून घेतला होता. मावसभावानं परत जाऊन शिक्क्याची प्रत आणली. ११ फेब्रुवारीला ५८,२०० जमा झाले. घरातल्या सगळ्यांच्या रक्ततपासण्या आमच्या खिशातून.

या सगळ्या काळात मी एक गोष्ट वाचली आणि ती मनातून जात नाही. २००६ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये एका चार वर्षांच्या मुलानं ब्रेसलेटचं छोटं बदामाच्या आकाराचं पदक गिळलं होतं. ते जवळजवळ निव्वळ शिशाचं होतं. उलट्या होतात म्हणून त्याला आणलं तेव्हा पोटाचा साधा संसर्ग समजून घरी पाठवलं. पुढं एक्स-रेत ते पदक दिसलं, रक्तातला आकडा १८० निघाला, आणि ते मूल वाचलं नाही. त्याच्या आईलाही काय गिळलंय हे ठाऊक नव्हतं. माझ्या मुलानं हात पसरून दाखवलं तरी.

सोन्या आता तीन वर्षांचा झाला. बोलणं थोडं मागं आहे, दोन शब्दांची वाक्यं होतात, तीनला अडतो. डॉक्टर म्हणतात, हे शिशामुळंच असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण लक्ष ठेवायचं. जूनमध्ये विकासाची तपासणी झाली, ऐकायची चाचणी चांगली आली. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीला कोल्हापूरला जातो, एका वेळचे ४०० रुपये, सकाळची एसटी पकडतो. पुढचं रक्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायचंय.